एकटीनं की चौघींत?

(आरोग्य-शिबिरातील भाषण)



बाईनं बारीक असावं हा जाच आपण पुरेसा सोसलाय. म्हणून आधीच सांगते, मी दिसण्याबद्दल बोलणार नाही. साखर, रक्तदाब, गुडघे यांपायी ज्यांना डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय, त्यांच्यापुरतं बोलते.

माझं मत पक्कं होतं: हे दार लावून, एकेकटीशीच बोलायचं. चारचौघींत काट्यावर कोण चढेल? मी चढले नसते. मग अमेरिकेतला २००१ सालचा एक अभ्यास वाचला. ७५ स्थूल माणसांना आधी विचारलं, गट हवा की एकट्यानं सल्ला? मग काहींना मनाप्रमाणे, काहींना मनाविरुद्ध घातलं. शिकवण तीच: खाल्लेलं लिहायचं, सवयी हळूहळू बदलायच्या. २६ आठवड्यांनी गटातल्यांचं वजन जास्त उतरलं. फरक दोनेक किलोंचाच. पण ज्यांना गट नकोच होता, त्यांनाही गटच लाभला!

का बरं? १९६१ साली न्यूयॉर्कची जीन निडेच ही गृहिणी शहराच्या आरोग्य खात्याच्या क्लिनिकमध्ये जायची. आपण चोरून बिस्किटं खातो, हे तिला तिथं सांगवेना. तिनं सहा मैत्रिणींना घरी बोलावून सांगितलं. मग त्यांनीही आपापल्या चोऱ्या सांगितल्या. (त्यातून १९६३ साली ‘वेट वॉचर्स’ कंपनी निघाली, धंदा झाला. ते सोडा.)

आपली चोरी वेगळी. उरलेला भात टाकवत नाही, म्हणून ओट्याशी उभ्यानंच संपवायचा. आहाराच्या वहीत तो येतच नाही, कारण ते ‘जेवण’ नव्हे! गटात एक बोलली की बाकीच्यांना आठवतं. मग पुढचा प्रश्न निघतो: मी तासभर चालायला गेले तर कुकर कोण लावणार? सल्लागाराच्या खोलीत हा तिचा आळस ठरतो. चौघींनी विचारला की तो घराचा प्रश्न होतो.

एकेकटीचा सल्ला वाया जातो असं मुळीच नाही. मधुमेह टाळण्याच्या २००२ सालच्या मोठ्या अमेरिकी प्रयोगात तसाच सल्ला होता, आणि मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. घरी मारहाण होत असेल, खाऊन मुद्दाम ओकण्याचा त्रास असेल, तर तिला गटात बोलायला लावू नका. तिच्यासाठी दार लावलेली खोली हवीच.

आपण गट सुरू करू या. आकडा मोठ्यानं वाचायचा नाही, जिचा तिच्या वहीत. वेळ तुम्ही ठरवा. फक्त संध्याकाळी सात म्हणू नका, तेव्हा निम्म्याजणी पोळ्या लाटत असतात.