गल्लीत मावेल ती गाडी



गाड्यांचा मला लहानपणापासून नाद. ओळखीच्यांना हे ठाऊक असल्यामुळे कुणाला नवी गाडी घ्यायची झाली की फोन येतो, ‘कुठली घेऊ?’ मी आधी विचारतो, तुमच्या गल्लीची रुंदी किती? घरातलं सगळ्यात वयस्क माणूस कोण? रोज गाडी कोण चालवणार आणि कुठवर? आपण गाडी घेतो ती कोकणची सहल मनात धरून, आणि वापरतो भाजी आणायला, मुलांना क्लासला सोडायला, आईला डॉक्टरांकडे न्यायला. वर्षातल्या एखाद-दुसऱ्या सहलीसाठी बाकीचे सगळे दिवस दीड-दोन टनांचं धूड गल्लीबोळातून काढत बसायचं, हे मला पटत नाही. रोजच्या जगण्याला छोटी आणि हलकी गाडीच सोयीची, असं माझं ठाम मत आहे.

ही सोय आपल्याला पहिल्यांदा नीट कळली ती मारुती ८०० मुळे. त्याआधी रस्त्यावर मुख्यतः ॲम्बॅसिडर आणि फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी. दोन्ही दणकट, पण दोन्हींचा मूळ आराखडा पन्नासच्या दशकातल्या युरोपी गाड्यांचा. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुतीच्या किल्ल्या इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्या गेल्या. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, बारा इंची चाकं, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. लांबी साडेतीन मीटरच्या आत आणि रुंदी दीड मीटरलाही थोडी कमीच.

आकड्यांपेक्षा ती चालवून बघितली की तिचं मोठेपण कळायचं. डॅशबोर्ड खाली, खांब बारीक, काचा मोठ्या. सीटवर बसल्या बसल्या गाडीचे चारही कोपरे कुठे आहेत ते समजायचं. मागच्या काचेतून पाहत, एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर ठेवून लोक ती सरळ जागेत लावायचे. ना कॅमेरा, ना पीं-पीं वाजणारे सेन्सर. पॉवर स्टिअरिंग नसलेली ८०० सुद्धा अरुंद बोळात सहज वळवता यायची, कारण पुढच्या चाकांवर भारच कमी. बोनेट उघडलं की इंजिन छोटं आणि भोवती जागा भरपूर. तीन प्लग काढायचे, पॉलिश पेपरने घासायचे, परत बसवायचे, एवढं काम हौशी माणूसही घरी करू शकायचा. माझ्या लेखी भारतात बनलेल्या गाड्यांमध्ये हिच्याइतकी नेमकी गाडी दुसरी झाली नाही.

पुढे सरकारनेही छोट्या गाडीची व्याख्या केली. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, पेट्रोलला १२०० आणि डिझेलला १५०० सीसीच्या मर्यादेतल्या गाड्यांचा कर कमी झाला. नंतरच्या वर्षांत अबकारी गेली, जीएसटी आला, पण ही चार मीटरची रेघ टिकून आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल-डिझेलच्या छोट्या गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के जीएसटी लागतो. हेतू चांगलाच आहे. मात्र रेघ लांबीवर मारली, उंचीवर आणि वजनावर नाही. त्यामुळे गाड्या वरच्या दिशेने वाढल्या. आता चार मीटरच्या आतच उंच बोनेटच्या, जाडजूड खांबांच्या गाड्या मिळतात. सोसायटीच्या आवारात अशा गाडीच्या अगदी पुढ्यात तीन वर्षांचं मूल उभं असलं, तर चालवणाऱ्याला ते दिसत नाही. मला ही गोष्ट फार खुपते. मुलं खेळतात त्याच आवारात आपण गाड्या लावतो.

वजनाचा खरा हिशेब घाटात होतो. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट घ्या. उतरताना गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो आणि त्या भाराची उष्णता होते. गाडी जितकी जड, तितके ब्रेक जास्त तापतात. पायथ्याशी थांबलेल्या गाड्यांच्या चाकांजवळ गेलात तर लायनरचा जळका वास येतो. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात ते पक्कं लक्षात ठेवा: ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं हा जिवाशी खेळ आहे. आणि रस्ता अरुंद असेल तिथे उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. हा नुसता शिष्टाचार नव्हे, वाहतुकीच्या नियमांतच तसं लिहिलेलं आहे. समोरून एसटी आली की छोट्या गाडीला कडेला अंग चोरायला जागा मिळते.

‘पण छोटी गाडी धडकेत चुरा होते, त्याचं काय?’ असं मला हमखास विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. २०१४ च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची धडक चाचणी घेतली. प्रौढांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. माझ्या लाडक्या ८०० मध्येही एअरबॅग नव्हत्या, हे विसरून चालणार नाही. आज मी तिच्यातून कुटुंबाला द्रुतगती मार्गावर नेणार नाही. पण तो दोष छोट्या आकाराचा नव्हता, काटकसर नको तिथे केल्याचा होता. २०२० मध्ये पुण्यात बनणाऱ्या टाटा अल्ट्रोझने, चार मीटरच्या आतल्याच गाडीने, त्याच संस्थेकडून पाच तारे मिळवले. सांगाडा नीट बांधला तर छोटी गाडीही माणसं वाचवते. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणीही सुरू झाली आहे.

तेव्हा गाडी घ्यायला जाल तेव्हा स्क्रीन किती इंची, छत उघडतं का, हे मागाहून विचारा. आधी तारे किती ते विचारा. सोबत घरातल्या आजी-आजोबांना न्या, त्यांना मागच्या सीटवर बसवा आणि आधाराशिवाय उतरता येतं का ते बघा. रोज चालवणाऱ्याने सीटवर बसून बोनेटपुढची जमीन किती अंतरावर दिसते ते पाहावं. आणि मागे बसणाऱ्यांनाही पट्टा लावायला सांगा. कायद्याने तो सक्तीचाच आहे, नाही लावला तर हजार रुपये दंड आहे. पण दंडासाठी नको, आपल्या माणसांसाठी लावा.