कंपवात आणि ध्यानधारणा

कंपवाताच्या रुग्णाचा मांडीवर ठेवलेला हात चार पाहुण्यांसमोर अधिक थरथरतो आणि गाढ झोप लागली की तीच थरथर थांबते. घरच्या मंडळींच्या हे नित्य पाहण्यात असते. ध्यानाने या रोगात कधी कधी अनपेक्षित आराम पडतो, त्याचे मर्म बहुतांशी येथेच आहे.

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या रोगाचे वर्णन केले. मेंदूत डोपामिन हे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. त्यामुळे हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, चेहरा निर्विकार दिसू लागतो. एखाद्या शिक्षकाच्या हजेरीपुस्तकातील अक्षर बारीक होत जावे, इतकी पहिली खूण साधी असू शकते. लेव्होडोपा हे यावरील मुख्य औषध. आपल्याकडील खाजकुइरीच्या बियांतही ते असते. म्हणून त्यांचे चूर्ण घेणाऱ्याने डॉक्टरांना तसे सांगणे अगत्याचे आहे.

मनावर ताण आला की कंप वाढतो. तपासताना रुग्णास शंभरापासून उलटे आकडे मोजावयास लावतात, ते याचसाठी. ताणामुळे वाढलेल्या कंपावर लेव्होडोपाचा प्रभाव कमी पडतो, असे नेदरलँड्समधील नायमेगेन येथील संशोधकांना आढळले आहे. जेथे गोळी उणी पडते, तेथे शांत चित्ताचे साहाय्य होते ते असे.

डेन्मार्कमधील संशोधकांनी २००२ मध्ये योगनिद्रेत मेंदूतील डोपामिन वाढल्याचे दाखविले. हा दाखला वारंवार दिला जातो. परंतु ती माणसे केवळ आठ होती, सरावलेली होती आणि निरोगी होती, हे मात्र सांगितले जात नाही. अधिक वजनदार पुरावा हाँगकाँगचा. तेथे १३८ रुग्णांवर आठ आठवडे केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सजग योगाभ्यास करणाऱ्यांच्या हालचालींत सुधारणा झाली, पण तितकीच साध्या व्यायामानेही झाली. चिंता व खिन्नता मात्र योगाभ्यासाने अधिक ओसरली. या रोगात खिन्नता रुग्णास कंपाइतकीच खचविते, तेव्हा हा लाभ लहान म्हणता येणार नाही.

नष्ट झालेल्या पेशी ध्यानाने परत येतात, असे कोणीही सिद्ध केलेले नाही. कॅनडातील व्हँकूव्हर येथे २००१ मध्ये असे दिसले की, औषध मिळाले या नुसत्या विश्वासानेही रुग्णाच्या मेंदूत डोपामिन स्रवते. आराम खरा असतो. रोग गेलेला नसतो. धोका उद्भवतो तो येथेच. बरे वाटले म्हणून गोळ्या एकाएकी बंद केल्यास अंग ताठरून तीव्र ताप चढू शकतो आणि प्रसंगी प्राणावर बेतते. औषध कमी करावयाचे ते डॉक्टरांनीच, आणि क्रमाक्रमाने.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात वा शाळेत असे वर्ग भरवावयाचे असल्यास रुग्णांना जमिनीवर मांडी घालण्याचा आग्रह करू नये. हात असलेली खुर्ची द्यावी. वेळ गोळीचा गुण आलेला असताना ठेवावी. ध्यान संपताच त्यांना झटकन उभे करू नये; या रोगात उठताना रक्तदाब एकदम उतरून तोल जातो. सोबत घरचे एक माणूस असावे.