भेग वर का येते?

बर्फाळ देशांत डांबरी रस्त्याच्या भेगेत पाणी शिरतं, गोठतं, गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि रस्ता उचलून धरतं. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत पाणी कधीच गोठत नाही. तरीही घोडबंदर रस्त्यावर भेगेच्या वर आलेल्या कडा दुचाकीच्या चाकाला जाणवतात. हे कशामुळे होतं?

पाऊस उघडला की अशी एखादी भेग वाकून बघा. कडेला करडा, वाळलेला गाळ दिसेल. तो रस्त्याच्या पोटातून आलेला असतो. भेगेतून पाणी खडी-मुरमात उतरतं. वरून भरलेला ट्रेलर गेला, की दाबाखालचं ते पाणी बारीक माती घेऊन वर उसळतं. हजारो चाकांखाली हेच चालू राहिलं, की खाली पोकळी होते, खडीवरचं डांबर सुटतं आणि चाकाखाली दबलेला माल बाजूला सरकून कडेला फुगतो. खाडीकाठच्या चिकण मातीवर हे लवकर होतं, कारण भिजली की ती स्वतःही फुगते.

माझ्या मते आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान चरांनी केलं आहे. पाण्याची लाइन, गॅस, केबल अशा प्रत्येक कामाला रस्ता फोडतात, खणलेली मातीच एका दमात चरात लोटतात आणि वर डांबर पसरतात. जुन्या-नव्या डांबराचा सांधा पहिल्याच पावसात उघडतो. पुढचं काम पाणी करतं.

अशा फुगवट्यावर डांबर ओतून काहीच साधत नाही. खराब भाग कटरने चौकोनी कापून कोरडा, टणक थर लागेपर्यंत खणायला हवा. खडीचा भराव थराथराने दाबायचा, तळाला आणि उभ्या कडांनाही टॅक कोट, म्हणजे चिकटवणारा पातळ डांबरी थर, मारायचा. डांबरी माल प्लँटमधून दीडशे अंशांच्या पुढे गरम निघतो. तो ९० अंशांखाली उतरण्याआधी रोलिंग संपायला हवं. शिळफाट्याच्या वाहतूक कोंडीत अडकून निवलेला माल पसरला, तर तो नीट दबत नाही आणि त्यात पाणी मुरतं. शेवटी सांधा गरम डांबराने बंद करायचा. बाकीच्या भेगा मे संपण्याआधी भरायच्या आणि कडेचं गटार मोकळं ठेवायचं. गटार तुंबलेलं असेल, तर उत्तम दुरुस्तीही टिकत नाही.

२०१८च्या पावसाळ्यात एकट्या कल्याणमध्ये खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत पाच जणांचा जीव गेला. असे बरेच खड्डे आधी भेगा असतात, आणि भेग भरायला खर्चही थोडा लागतो. म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे: सोसायटीसमोर चर खणला, तर तो भरताना तिथे उभे राहा. थराथराने दाबत नसतील, तर फोटो काढून त्याच दिवशी प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.