गाडीला कोणते तेल घालावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहीजणी हसल्या. पण गाडी दुरुस्तीला दिली की "बाई, सिंथेटिक घालू का साधं?" हा प्रश्न आपल्यालाच विचारला जातो, आणि पैसेही आपल्याच पर्समधून जातात. मंडईत वांगी घेताना आपण चार गाळे फिरतो; इथे मात्र "तुम्ही म्हणाल ते घाला" म्हणून मोकळ्या होतो!

आपल्या मंडईचीच गोष्ट पाहा. ही इमारत १८८६ साली उघडली. तिच्यावर एवढा पैसा ओतण्याला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. तो शिक्षणाकडे वळवा, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्यांचेच नाव मंडईला मिळाले, हा भाग निराळा. पण खर्चाआधी 'याची गरज आहे का' असे विचारण्याची रीत या पेठेला नवी नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

आता तेलाकडे वळू. एकेकाळी इंजिनात चक्क एरंडेल घालीत. लहानपणी ज्याच्या नावाने आपल्या अंगावर काटा येई, तेच! कॅस्ट्रॉल हे नाव १९०९ साली आले, ते 'कॅस्टर', म्हणजे एरंडेल, यावरूनच. पुढे खनिज तेलाचा जम बसला. जमिनीतून काढलेले कच्चे तेल शुद्ध करून हे 'साधे' तेल होते. त्यात लहानमोठे, नाना जातींचे कण राहतात. सिंथेटिक तेल कारखान्यात रसायनांची जुळणी करून घडवतात. निवडलेल्या तांदळासारखे त्याचे कण एकसारखे असतात. म्हणून ते उष्णतेने लवकर करपत नाही, उडून कमी जाते आणि इंजिनात चिकट गाळ कमी धरते.

मात्र डब्यावर 'सिंथेटिक' लिहिले म्हणजे आतला माल नेहमी एकाच जातीचा, असे नाही. खनिज तेलावरच कडक प्रक्रिया केलेल्या तेलालाही हे नाव देता येईल का, यावरून अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्यांत तंटा झाला, आणि १९९९ साली तिथल्या जाहिरात-पंचांनी 'देता येईल' असा कौल दिला. तेव्हा मोठ्या अक्षरांपेक्षा बारीक अक्षरे वाचावीत.

त्या बारीक अक्षरांत '५ डब्ल्यू-३०' असे काही असते. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. आधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, नंतरचा गरम इंजिनातला दाटपणा. विक्रेते थंडीत गाडी झटकन सुरू होण्याचे फार कौतुक सांगतात. पण ही थंडी शून्याच्या खाली वीस-तीस अंशांची! आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली गेला तरी साधे तेल काही तुपासारखे थिजत नाही. त्या गुणासाठी जादा पैसे मोजावेत, असे मला वाटत नाही.

आपला खरा शत्रू निराळा आहे. शनिपार ते मंडई हे अंतर ते काय? पण लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत इंजिन तापत उभे राहते. नाहीतर गाडी इतकी थोडी चालते की इंजिन पुरते गरमच होत नाही, आणि पाण्याची वाफ व न जळलेले पेट्रोल तेलात उतरत राहते. अशा गाडीचे किलोमीटर भरत नाहीत, तेल मात्र बिघडते. म्हणून पुस्तिकेत 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते' असे लिहिलेले असते. पुष्कळजणी पहिला आकडा पाहतात आणि दुसरा विसरतात. माझ्या मते वेळेवर बदललेले साधे तेल हे दोन वर्षे तसेच ठेवलेल्या महागड्या सिंथेटिकपेक्षा कितीतरी बरे.

मग सिंथेटिक कोणी घ्यावे? ज्यांच्या गाडीला टर्बो आहे त्यांनी. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि तिथल्या आचेने साधे तेल करपते. शिवाय अलीकडच्या पुष्कळ गाड्यांना '० डब्ल्यू-२०'सारखे फार पातळ तेल सांगितलेले असते. ते सिंथेटिकच येते. तिथे निवडीचा प्रश्नच उरत नाही. पुस्तिकेत साधे तेल चालेल असे असेल आणि गाडी जुनी, बिनटर्बोची असेल, तर साध्याने खुशाल काम भागवावे.

स्कूटरवाल्या मैत्रिणींनी एक अक्षर जपावे. गियरच्या मोटारसायकलीचा क्लच बहुधा तेलातच बुडालेला असतो. तिला 'जासो एम.ए.' छापलेले तेल लागते; मोटारीचे निसरडे तेल घातले तर क्लच घसरू लागतो. बिनगियरच्या स्कूटरचा क्लच तेलाबाहेर असतो, तिला 'एम.बी.' चालते. घरात दोन्ही गाड्या असतील तर एकच डबा दोघींना पुरवू नये.

तेल काळे पडले म्हणजे वाया गेले, ही समजूत मात्र सोडावी. तेलातली औषधे काजळी धुऊन आपल्यात धरून ठेवतात, म्हणून ते काळवंडते. तसेच अडीअडचणीला साधे आणि सिंथेटिक एकत्र झाले तरी काही नासत नाही. फक्त त्या मिश्रणाकडून सिंथेटिकइतक्या टिकाऊपणाची अपेक्षा धरू नये. तेलाची पातळी पाहताना गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे, सळई पुसून पुन्हा बुडवावी आणि दोन खुणांच्या मध्ये तेल आहे ना ते पाहावे. तेल बदलताना सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला सांगावे. त्यात संकोच कसला?

आणि काढलेले तेल गटारात ओतू देऊ नये. ते मुठेलाच जाऊन मिळते. २०१६ च्या नियमांनी असे तेल घातक कचऱ्यात धरले आहे. ते परवानाधारक संस्थेकडे देण्याची सोय गॅरेजवाल्याकडे आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

ज्या भगिनी मेट्रोने मंडई स्थानकावर उतरून आल्या, त्यांची या साऱ्या कटकटीतून सुटका आहे! बाकीच्यांनी सांगितल्याप्रमाणे आपापल्या गाडीची पुस्तिका आणली असेल, तर ती काढावी. चहा येईपर्यंत तेलाचे पान आपण मिळून शोधू.