पुठ्ठ्यावरच्या धावा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त मानसरोवर, जयपूर येथे झालेल्या माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



‘छंद आणि शिक्षण’ या विषयासाठी मी एक अगदी साधा छंद निवडला आहे : नामवंत फलंदाजांची कार्डे जमवण्याचा. आपल्यापैकी अनेकांच्या दप्तरात ती एकेकाळी पुस्तकांच्या आड दडलेली असत. ‘बिग फन’ बबलगमच्या वेष्टनातून क्रिकेटपटूंची चित्रे निघत. पुढे ट्रम्प कार्डांचा खेळ आला आणि मधल्या सुट्टीत धावा, शतके व सरासरी यांची देवघेव रंगू लागली.

या छंदाचा उगम तंबाखूच्या व्यापारात आहे. सिगारेटचे पाकीट चुरगळू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. त्यावर चित्र छापले की गिऱ्हाईक परत येते, हे व्यापाऱ्यांनी ओळखले. अमेरिकेत त्यावर बेसबॉलपटू आले, इंग्लंडात क्रिकेटपटू. त्यांत आपले रणजितसिंहजीही होते. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे एक दुर्मीळ कार्ड 2022 मध्ये 72 लाख 50 हजार डॉलरना विकले गेले. आमच्या कार्डांना असे मोल कधीच आले नाही. त्यांनी दिले ते गणित.

सुनील गावस्कर यांचे कार्ड घ्या. 125 कसोटी, 214 डाव, 10,122 धावा, सरासरी 51.12. धावांना 214 ने भागून पाहणाऱ्या मुलाचे उत्तर चुकते. मग कोणी जाणता सांगतो की नाबाद राहिलेले 16 डाव वजा करायचे. 198 ने भागले की उत्तर बरोबर येते.

त्या 198 मधला एक डाव याच शहरातला आहे. फेब्रुवारी 1987 मध्ये सवाई मानसिंग स्टेडियमवर पाकिस्तानविरुद्ध कसोटी झाली. जयपूरची आजवरची ती एकमेव कसोटी. सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर इम्रान खानने गावस्करांना बाद केले. त्यानंतर पंधरवड्यातच अहमदाबादला त्यांनी कसोटीतील दहा हजारावी धाव घेतली. तोवर तिथे कोणीही पोहोचले नव्हते. कार्डावर जयपूरचे शून्य वेगळे दिसत नाही, पण भागाकारात ते आहेच. मोठा फलंदाज शून्यासकट मोठा असतो, हे मुलाला उपदेशाने पटत नाही, भागाकाराने पटते.

परंतु कार्डाची एक मर्यादाही आहे. ज्यांची कार्डे निघतात, तेवढेच आपल्याला दिसतात. भाऊसाहेब निंबाळकर हे नाव किती मुलांना ठाऊक असेल? डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना ते 443 धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनच्या 452 धावांच्या विश्वविक्रमाची बरोबरी अवघ्या नऊ धावांवर आली होती. तेवढ्यात प्रतिपक्षाने सामना सोडून दिला. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची ती आजही सर्वोच्च धावसंख्या आहे. तरीही निंबाळकरांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. ट्रम्प कार्डांच्या खेळात कसोटीचे रकाने कोरे असलेल्या माणसाला जागा कुठली?

म्हणून पालकांना माझी एक विनंती आहे. मुलाने कार्डे जमवली तर रागावू नका. त्याला एक कोरा पुठ्ठाही द्या. ज्याचे कार्ड बाजारात मिळत नाही, त्याची माहिती शोधून त्याने ते स्वतः तयार करावे. आकडे शोधताना त्याला जुनी वर्तमानपत्रे चाळावी लागतील, वडीलधाऱ्यांना विचारावे लागेल आणि ते मराठीत नीट लिहावे लागेल.

आज शाळेच्या साठ वर्षांचा हिशेब मांडताना गुणवत्ता यादीत झळकलेल्यांचा गौरव आपण करतोच आहोत, आणि तो उचितही आहे. पण आपल्याच वर्गात कोणी निंबाळकर असतील. त्यांची नावे माजी विद्यार्थ्यांनी आठवून कळवावीत, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.