पुन्हा दुर्बीण, पण केव्हा?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया पार पडली, टाके निघाले, माणूस भाकरी-भाजी खाऊ लागला, की घरात कुणीतरी विचारतंच, ‘आता परत ती दुर्बीण कशाला?’

कारण उरलेल्या आतड्यात चामखिळीसारखी नवी वाढ, म्हणजे पॉलिप, होऊ शकतो. एखादा आधीच्या तपासणीत नजरेतून सुटलेलाही असतो. पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा बरीच वर्षं लागतात, म्हणून उठसूट कोलोनोस्कोपी, म्हणजे ही दुर्बिणीची तपासणी, करत नाहीत. साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर 1 वर्षाने पहिली, काही सापडलं नाही तर पुढची 3 वर्षांनी आणि त्यानंतरची 5 वर्षांनी. पॉलिप निघाले, तर हे अंतर कमी होतं. गाठीने वाट अडवल्यामुळे शस्त्रक्रियेआधी पूर्ण आतडं पाहताच आलं नसेल, तर वर्षभर न थांबता 3 ते 6 महिन्यांतच पाहून घेतात. लिंच सिंड्रोमसारखा आनुवंशिक दोष असेल, तर दर 1-2 वर्षांनी.

खरी कटकट असते ती आदल्या दिवसाची. जुलाबाचं औषध अक्षरशः लिटरच्या हिशेबात प्यायचं, शेवटी शौचाला पिवळसर, नितळ पाण्यासारखं होईपर्यंत. गाळलेलं लिंबूपाणी चालतं, कोकम सरबत मात्र नको. त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि मध्येच शौचातून रक्त गेलं, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहत बसू नका.