मतदानाला गेल्यावर सायकल कुठे लावायची?

(राष्ट्रीय मतदार दिनानिमित्त हैदराबादमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संविधान, आरक्षण, प्रतिनिधित्व या विषयांवर तुम्ही वर्षभर खूप ऐकता, वाचता, भांडता. आज मी फार छोट्या गोष्टीवर बोलणार आहे. मतदानाला सायकलवर गेलेल्या माणसाने सायकल कुठे लावायची? विषय ऐकून काही जण हसले, ते मी पाहिलं. हसा, हरकत नाही. पण तुमच्यातल्या किती जणांचे आईवडील आजही सायकलवर किंवा पायी मतदानाला जातात, ते मनातल्या मनात मोजा. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळपास ४५ टक्के घरांत सायकल होती आणि मोटारगाडी पाच टक्क्यांहूनही कमी घरांत. तुमच्यातल्या बऱ्याच मुलींनी पहिली सायकल पाहिली ती शाळेतून मिळालेली, मानव विकास कार्यक्रमातली. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अनेक निवडणुकांत ड्युटी केली आहे, मतदान अधिकारी म्हणून आणि पुढे केंद्राध्यक्ष म्हणूनही. केंद्राच्या खोलीत सगळं कागदावर असतं. सकाळी एजंटांसमोर अभिरूप मतदान, मग सतरा-अ च्या नोंदवहीत सही किंवा अंगठा, बोटाला शाई, शेवटी सतरा-क मध्ये हिशेब. एक मत इकडचं तिकडे झालं तर आम्हाला रात्रभर झोप नाही. पण माणूस त्या खोलीपर्यंत पोचला कसा, वाटेत त्याला कोणी थांबवलं का, तो उतरला कुठे, हे लिहायला कुठल्याही फॉर्ममध्ये रकाना नाही. आपलं काम त्या न छापलेल्या रकान्यात आहे.

आमच्या घरचं सांगते. आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटरवर. केंद्र गावातल्या शाळेत. आण्णा सायकल चालवायचे, आई मागे कॅरिअरवर. वेशीपाशी आलं की आण्णा उतरायचे, आई उतरायची आणि तिथून सायकल हातात धरून चालत जायचे. "उतर" असं कोणी म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. आण्णांनी कळत्या वयापासून वस्तीतल्या प्रत्येकाला तिथे उतरताना पाहिलं होतं, तेवढं पुरेसं होतं.

पुढे प्रश्न सायकल लावायचा. शाळेच्या फाटकाशी होमगार्ड उभा, तो मागे पाठवायचा. देवळाच्या पाराभोवती सावली होती, तिथे गावातल्यांच्या मोटारसायकली ओळीने लागलेल्या. आमची सायकल तिथे लावायची छाती कोणाची नव्हती. दुकानाच्या ओट्याला टेकवली तर गिऱ्हाइकाला अडचण. मग एकच जागा उरायची, गावच्या पुढाऱ्याच्या वाड्याची भिंत. तिथे मात्र हसून स्वागत व्हायचं. "लावा इथंच, आपलीच माणसं." वाड्याच्या ओट्यावर त्यांचा माणूस मतदारयादी घेऊन बसलेला. सायकली त्याच्या डोळ्यांसमोर, आणि कोणाची सायकल कोणती हे गावात सगळ्यांना पाठ. ज्याची सायकल भिंतीला दिसली नाही, त्याच्याबद्दल संध्याकाळी चौकशी. ज्याची दिसली, त्याने कोणाला मत दिलं हे विचारायची गरजच नाही, असा हिशेब.

आता तुम्ही म्हणाल, मत तर गुप्त असतं. हो, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ गुप्ततेचं संरक्षण करतो, आणि बटण दाबताना तुमच्याजवळ कोणी नसतं. पण गुप्तता केवळ त्या पुठ्ठ्याच्या आडोशापुरती नसते. तुम्ही कोणाच्या जीपमधून उतरलात, कोणाच्या टेबलावरून चिठ्ठी घेतलीत आणि कोणाच्या भिंतीला सायकल लावलीत, यावरूनही लोक तुमचं मत वाचतात. त्यात निकाल केंद्रवार जाहीर होतो. फॉर्म वीसमध्ये प्रत्येक केंद्राची मतं वेगळी दिसतात. म्हणजे एखाद्या केंद्रावर मुख्यतः आपल्याच वस्तीची मतं असतील तर वस्तीचा कल गावाला कळतो. सगळ्या केंद्रांची मतं एकत्र मोजणारं 'टोटलायझर' यंत्र वापरावं असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला, विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. अजून ते आलेलं नाही. वस्तीचं मत असं उघडं पडत असताना निदान माणसाचं तरी झाकलेलं राहावं, एवढी सोय आपल्याला करता आली पाहिजे.

सायकलीवरून उतरायला लावणं हा फक्त आमच्या गावचा रिवाज नव्हता. तामिळनाडूतल्या गावांमध्ये सवर्णांच्या गल्लीतून दलितांनी सायकल हातात धरून न्यायची, याची नोंद अनेकांनी केली आहे. घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांचं ग्रामीण भारतातल्या अस्पृश्यतेवरचं पुस्तक २००६ मध्ये आलं. ११ राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी त्यात आहे. सायकलवरची बंदी त्यात आहे, मतदान केंद्रावरची वेगळी रांगही आहे. ते पुस्तक तुमच्या ग्रंथालयात शोधा.

आणि आता कायदा बघा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्या दुरुस्तीने कलम ३(१) मध्ये एक तरतूद आली. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून, पादत्राणं किंवा नवे कपडे घालण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे. सायकल हा शब्द कायद्यात लिहिलेला आहे, मित्रांनो. संसदेला तो लिहावा लागला, यावरून देशातले रस्ते कसे आहेत ते समजा. त्याच कलम ३(१) मध्ये आणखी काय आहे? मत देऊ नको म्हणून किंवा अमुक उमेदवारालाच दे म्हणून धमकावणं हा गुन्हा. मतदानानंतर मारहाण करणं, बहिष्कार टाकणं हाही गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. सायकल आणि मत एकाच कलमात शेजारी शेजारी आहेत. आमच्या आण्णांना हे कोणी सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, यात नवल काय, रस्ता तर एकच आहे.

हा रस्ता कुठून सुरू झाला तेही आठवू. १९२३ मध्ये बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या केल्या. कागदावर. १९२७ मध्ये महाडला जाऊन तो कागद खरा करायला लागला. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. त्या काळात मत मालमत्ता, कर किंवा शिक्षण बघून मिळायचं. १९३५ च्या कायद्यातही तसंच राहिलं. तो नियम आज असता तर तुम्हाला पदवी दाखवून मत मिळालं असतं आणि कॅरिअरवर बसून आलेली तुमची आई बाहेर उभी राहिली असती. संविधानाच्या कलम ३२६ ने ते बदललं. कलम १५ ने रस्ते आणि सार्वजनिक जागाही सगळ्यांच्या केल्या. पुढे कांशीरामजींनी १९८३ मध्ये डीएस-फोरच्या सायकल यात्रेतून उत्तरेतली गावं गाठली. पुण्यात सरकारी नोकरी केलेला माणूस, त्याला सायकलचं मोल कळलं होतं. ती कोणाच्या मेहेरबानीवर चालत नाही.

म्हणून मी जीपबद्दल एक शब्द बोलते. मतदानाच्या दिवशी वस्तीत जीप येते, म्हाताऱ्यांना बसवून नेते. उमेदवाराने मतदारांना फुकट ने-आण करण्यासाठी वाहन पुरवणं हा कलम १२३(५) प्रमाणे भ्रष्ट आचार आहे, भाड्याने गाडी घेतली तर शिक्षाही आहे. पण नुसतं "जीपमध्ये बसू नका" म्हणून चालत नाही. म्हातारीने दीड किलोमीटर उन्हात चालायचं का? ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मतदानाची सोय आहे. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-डी भरून द्यायचा असतो. हा फॉर्म वस्तीत कोण भरून देणार? तुम्हीच.

आता नियम नीट समजून घ्या, म्हणजे वाद घालताना पाय घसरणार नाही. केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार चालत नाही. उमेदवारांची टेबलं २०० मीटरच्या बाहेर. मतदानाला येणारं खासगी वाहनही २०० मीटरच्या आत आणायचं नाही, अशा आयोगाच्या सूचना आहेत. कायद्याच्या कलम १६० मध्ये वाहनाची व्याख्या आहे, त्यात यंत्रावर न चालणारं वाहनही येतं. म्हणजे सायकल अडवणारा होमगार्ड प्रत्येक वेळी जात बघूनच अडवतो असं नाही. तो नियमही सांगत असेल. तुम्ही एवढंच बघायचं, तो नियम पारावरच्या मोटारसायकलींनाही लागतो का. लागत असेल तर तो नियम. नसेल तर तो रिवाज, आणि रिवाजाविरुद्ध तक्रार करता येते.

२०० मीटरच्या बाहेर सायकल लावायची तर जागा कोणाची, हा मूळ प्रश्न. ती सार्वजनिक हवी. मी ड्युटीवर गेलेल्या एका गावात वस्तीतल्या पोरांनी हे करून दाखवलं. त्यात दोघं पदवीधर होते, एक मुलगी एम. ए. करत होती. मतदानाच्या आठ दिवस आधी त्यांनी ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना अर्ज दिला. आठवडी बाजाराची जागा त्या दिवशी मोकळी असते, ती सायकलींसाठी मिळावी. पोच घेतली. आदल्या संध्याकाळी फक्की मारून रेषा आखल्या. एक जण नंबरच्या चिठ्ठ्या घेऊन बसला. अर्धी चिठ्ठी हँडलला, अर्धी माणसाकडे. गळ्यात रुमाल नाही, झेंडा नाही, बिल्ला नाही. कोणालाही "कुठून आलात" विचारायचं नाही, हा त्यांचा नियम.

मी दुपारी खिडकीतून पाहिलं, बाया तिकडूनच येत होत्या. धनगरवाड्यातल्या, मुसलमान गल्लीतल्या, गावातल्या मराठा शेतमजुरांच्याही. भिंतीचा जाच त्यांनाही होताच की. वाड्याच्या भिंतीला त्या दिवशी मोजून सहा-सात सायकली होत्या. कोणाला किती मतं पडली ते मला ठाऊक नाही आणि या गोष्टीत त्याचं महत्त्वही नाही. कोणाची सायकल कुठे, यावरून त्या संध्याकाळी काहीच ओळखता येत नव्हतं. माझ्यापुरता निकाल तेवढाच.

तर तुमच्याकडून मला चार कामं हवीत.

पहिलं, तुमचं नाव कुठे आहे ते ठरवा. वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदवता येतं किंवा गावी ठेवता येतं. दोन्हीकडे नको. गावी ठेवलं असेल तर मतदानाला गावी जा.

दुसरं, मतदान केंद्रांची यादी आधी प्रारूप म्हणून निघते, हरकती घेतल्या जातात. केंद्र दोन किलोमीटरपेक्षा लांब असेल किंवा वाट अडवणारी असेल तर तेव्हाच लिहा. दुर्बल घटकांच्या वस्तीसाठी मतदार कमी असले तरी वेगळं केंद्र मागता येतं. मागण्याआधी मात्र वस्तीत बसून बोला. वेगळं केंद्र म्हणजे वाट सोपी होते आणि वस्तीचं मत उघडंही पडतं. दोन्ही बाजू बायकांनाही ऐकू द्या, मग ठरवा.

तिसरं, सायकलीच्या जागेसाठी लेखी अर्ज द्या. तोंडी मागितलेली जागा उपकार म्हणून मिळते आणि उपकार फेडावा लागतो. अर्जावर पोच घ्या.

चौथं, कोणी सायकलवरून उतरवलं, टायरमधली हवा सोडली, चिठ्ठी हिसकावली, तर तारीख, वेळ, जागा आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवा आणि पोलीस ठाण्यात कलमासकट तक्रार द्या. अत्याचाराच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, हेही माहीत असू द्या.

तुम्ही घरातले पहिले पदवीधर आहात. घरच्यांना तुमच्या पदवीचा विषय समजत नाही, अशी खंत तुमच्यातल्या काहींनी मघाशी बोलून दाखवली. एका पानाचा अर्ज त्यांना नक्की समजेल. वस्तीत आजवर असे अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागायचे, आणि लिहिणारा बहुधा त्याच वाड्यावर बसलेला असायचा. आता लिहिणारे तुम्ही आहात. पुढच्या निवडणुकीआधी गावी गेलात की बाजाराची जागा पाहून या, पावलांनी मोजा, आणि अर्ज टाका.

जय भीम.